विश्लेषण : एका मिलिमीटरच्या भोकापासून बॅटरीच्या स्फोटापर्यंत

ई-सिगारेटचे धातूचे सुटे भाग घरच्या टेबलावर ड्रिल करून, घासून बदलण्याचा छंद अमेरिका आणि युरोपात चांगलाच रुजला आहे. काम दिसायला किरकोळ असते. टोपीचे भोक थोडे मोठे करायचे, पिन थोडी आखूड करायची, कडा गुळगुळीत करायच्या. पण या किरकोळ कामातून बॅटरीचा स्फोट होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ती कशी, आणि ई-सिगारेटवर बंदी असलेल्या भारतात हे समजून का घ्यावे, याचा हा आढावा.

नेमके काय बदलले जाते?

आजच्या ई-सिगारेटचे मूळ रूप चिनी औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये तयार केले. पुढे हौशी मंडळींसाठी सुटे करता येणारे प्रकार निघाले. त्यात खाली बॅटरीची नळी, वर लहानशी धातूची बैठक, तिच्यावर तारेची कॉइल आणि कापूस, आणि झाकायला टोपी असते. टोपीच्या बाजूला हवा आत येण्यासाठी भोक असते. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला हे भोक अनेकदा जेमतेम एक मिलिमीटरचे असे. ओढ घट्ट लागते, वाफ कमी येते, अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती.

त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे रोटरी टूल. ‘ड्रेमेल’ या अमेरिकी कंपनीच्या नावानेच ते अनेक ठिकाणी ओळखले जाते. हातात मावणारे हे यंत्र मिनिटाला ३५ हजारांपर्यंत फेरे घेते. टोकाला ड्रिल, घासणीचा दगड किंवा पॉलिशचे चाक बसवले की लहान भागावर हवे ते काम होते. नंतर उत्पादकांनीच हवा कमी-जास्त करणारी फिरती कडी दिली, तरी छंद टिकून राहिला.

भोक वाढवल्याने काय होते?

भोकाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. एक मिलिमीटरचे भोक दोन मिलिमीटरचे केले, तर हवा दुप्पट नव्हे, त्याहून कितीतरी जास्त येते. जादा हवेने कॉइल थंड राहते आणि वाफही कमी गरम लागते. छंदिष्टांचा हा दावा खोटा नाही.

अडचण पुढे येते. हवा वाढली की तेवढ्याच उष्णतेत वाफ विरळ लागते. ती दाट करण्यासाठी अधिक ताकद हवी, म्हणून कमी रोधाची कॉइल बसवली जाते. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. अर्ध्या ओहमच्या कॉइलमधून सुमारे ८ अँपिअर विद्युतप्रवाह वाहतो. ०.२ ओहमला तो २१ अँपिअर होतो, ०.१ ओहमला ४२. या उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘१८६५०’ आकाराच्या चांगल्या सेलची सलग प्रवाह देण्याची क्षमता साधारण २० ते २५ अँपिअरच्या आसपास असते. म्हणजे भोक स्वतः काही फोडत नाही, पण एक बदल दुसरा मागतो आणि दुसरा तिसरा. कुठे थांबायचे हे सांगणारे मोजमाप घरच्या टेबलावर सहसा नसते.

सर्वांत धोक्याची जागा कोणती?

वरचा भाग बॅटरीच्या नळीला जोडणाऱ्या आट्यांना ‘५१०’ म्हणतात. बाहेरचे आटे ऋण, मधली पिन धन, आणि दोघांमध्ये प्लास्टिकसारख्या विद्युतरोधकाची पातळ चकती. काही नळ्यांत ही पिन थेट सेलच्या टोकावर टेकते. तिथे पिन आट्यांच्या कडेपेक्षा थोडी बाहेर आलेली असणे अत्यावश्यक असते. ‘नीट बसत नाही’ म्हणून ती घासून आखूड केली, तर ऋण आटेच सेलच्या धन टोकाला टेकतात आणि बटण दाबताच थेट शॉर्ट होतो. घासताना चकती वितळली किंवा धातूचा कीस तिच्यावर अडकून राहिला, तरी परिणाम तोच.

चिप असलेल्या उपकरणात शॉर्ट ओळखून प्रवाह तोडण्याची सोय असते. हौशी मंडळींच्या आवडत्या ‘मेकॅनिकल’ नळीत मात्र ना चिप असते, ना फ्यूज. बंद धातूच्या नळीत सेल तापला, वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर नळीचीच तोफ होते.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या स्फोट व आगीच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटात प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा उडालेले तुकडे जिवावर बेतले. या साऱ्या घटना घरगुती फेरफारामुळे घडल्या असे म्हणता येणार नाही. पण कारखान्यातून आलेल्या वस्तूत इतका धोका असेल, तर अंदाजाने घासलेल्या वस्तूत तो वाढणारच.

धातूचा कीस कुठे जातो?

सहज यंत्रकाम करता यावे म्हणून अनेक प्रकारच्या पितळात काही टक्के शिसे मिसळलेले असते. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि बहुधा निकेल असते. पितळी भागावर मुलामा असेल, तर ड्रिलने तो निघतो आणि आतले पितळ उघडे पडते. भोकाच्या आतल्या कडेला राहिलेली बर आणि आट्यांत अडकलेला कीस नुसत्या फुंकरीने जात नाही.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांच्या रोजच्या वापरातील उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या द्रवापेक्षा वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. म्हणजे उपकरणातला धातू वाफेत उतरतो. हा अभ्यास घरी ड्रिल केलेल्या भागांचा नव्हता. तरी ताजी उघडी पडलेली धातूची कड श्वासाच्या वाटेवर ठेवणे शहाणपणाचे नाही, एवढे त्यातून कळते. शिवाय काम करणाऱ्याच्या नाकात, डोळ्यांत आणि घरातल्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत जाणारी धूळ वेगळीच.

भारतीय कायदा काय म्हणतो?

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ही बंदी पूर्ण उपकरणापुरती नाही, सुट्या भागांनाही लागू आहे. ‘निर्मिती’च्या व्याख्येत जोडणी आणि तिला पूरक उपप्रक्रियाही येतात. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. स्वतःच्या वापरासाठी एक टोपी ड्रिल करणे या व्याख्येत बसते की नाही, हे न्यायालय ठरवील. पण ‘घरच्या घरीच तर केले’ हा बचाव गृहीत धरता येणार नाही.

मग बोलायचे कशासाठी?

बंदी आहे, म्हणून माहिती देण्याची गरज नाही, हा समज घातक आहे. बंदी असलेल्या वस्तूला ना मानक असते, ना इशारा छापलेले वेष्टन, ना तक्रारीची खिडकी. चोरून वापरणारा तरुण बॅटरी तापल्याचे घरी सांगत नाही आणि भाजल्यावर डॉक्टरांपासूनही खरे कारण लपवतो. त्याच आकाराचे सेल टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकेत असतात, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल जोडून जुगाड करणारे हातही कमी नाहीत. सुट्या सेलचा असा वापर जिवावर बेतू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये दिला होता.

म्हणून शाळा-कॉलेजांत ‘व्हेप वाईट’ एवढेच सांगून भागणार नाही. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नये, वीज वाहणाऱ्या भागाला कानस लावू नये, हेही सांगायला हवे. हाताने काही घडवण्याची हौस मोलाची आहे. पण मोडलेले टेबल दुरुस्त करताना चूक झाली तर लाकूड वाया जाते. इथे चूक उघड होते ती तोंडापासून चार बोटांच्या अंतरावर.