काळोखातील पाठलाग आणि अंबराचा गोळा

धसईच्या बाजारपेठेत दिवेलागण झाली की लहान वटवाघळे झाडांतून बाहेर पडतात. स्वतःच्या चीत्काराचा प्रतिध्वनी ऐकून ती अंधारात कीटक टिपतात. नेमकी हीच विद्या समुद्राच्या तळाकडील काळोखात स्पर्म व्हेल वापरतो. दात असलेल्या देवमाशांत हा सर्वांत मोठा. नर सुमारे 16 मीटर लांब वाढतो. त्याचे अवाढव्य डोके मेणासारख्या तेलकट द्रव्याने भरलेले असते. तेथून निघणारे टकटक आवाज दूरवर जातात व सावजाचा ठाव घेऊन परततात. प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवून हा सस्तन प्राणी एक किलोमीटरहून खोल उतरतो आणि तासभर श्वासाविना राहू शकतो.

त्याच्या भक्ष्यांपैकी एक म्हणजे राक्षसी माकूल. आठ बाहू आणि दोन लांब शुंडा धरून तिची लांबी 12 मीटरपर्यंत भरते. शरीरातील अमोनियायुक्त क्षारांमुळे ती फारसे श्रम न करता पाण्यात तरंगते. मात्र खरे नवल तिच्या डोळ्याचे. त्याचा व्यास सुमारे 27 सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा! सूर्यप्रकाश जेथे पोहोचतच नाही, तेथे एवढा डोळा कशासाठी? स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये याचे उत्तर सुचविले. व्हेल पुढे सरकताना त्याच्या अंगाला घासणारे सूक्ष्म जीव चमकून उठतात. त्या अंधूक प्रकाशाची मोठी आकृती माकुलीला 120 मीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकते. तोपर्यंत शत्रूला तिचा पत्ता लागलेलाच असतो. डोळ्यामुळे मिळते ती केवळ निसटण्याची संधी. व्हेलच्या डोक्यावर आढळणारे वर्तुळाकार व्रण माकुलीच्या दातेरी चूषकांचे असतात. जुन्या दर्यावर्दी कथांनी त्यांना घनघोर युद्धाचे रूप दिले. वास्तविक ती सावजाची अखेरची धडपड होय.

माकुलीची कठीण चोच पचत नाही. काही मोजक्या व्हेलांच्या आतड्यात अशा चोचींभोवती मेणासारखा गोळा साचतो. तोच अंबर. त्याला ‘उलटी’ म्हणतात, परंतु तो बहुधा मलमार्गानेच बाहेर पडत असावा. अत्तरांत सुगंध टिकविण्यासाठी त्याला पूर्वापार मागणी आहे आणि त्यापायीच ठाणे, मुंबई परिसरात तस्करीचे गुन्हे नोंदले गेले आहेत. ‘किनाऱ्यावर आपोआप सापडला, कोणा जिवाची हत्या झाली नाही,’ हे विक्रेत्याचे बोलणे व्यापाऱ्यास पटण्याजोगे वाटते; धोका तेथेच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 असा भेद करीत नाही. गोळा वाहून आलेला असो वा पोट फाडून काढलेला, त्याची खरेदी-विक्री भारतात गुन्हाच ठरते. शिवाय हाती आलेला तुकडा पाहून तो कोणत्या मार्गाने आला, हे ग्राहकाला कसे कळावे?

तसाच गंध देणारे अँब्रॉक्साइड हे द्रव्य आज क्लेरी सेज या वनस्पतीपासून तयार होते आणि अत्तरनिर्मितीत सर्रास वापरले जाते.