एका घरी तीन शिवणयंत्रे?

वर्धा जिल्ह्यात राहून यंत्राची बाजू घ्यायची म्हणजे धाडसच. सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी स्वतः गांधीजींनी केले. हाताच्या कामाची थोरवी आम्ही विद्यार्थी भाषणांतून आणि निबंधस्पर्धांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशा ठिकाणी यंत्राचे समर्थन करायचे, तेही एका घरातल्या तीन यंत्रांचे आणि तेही गोधड्या शिवण्याच्या हौसेसाठी! प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील हे ठाऊक असूनही मी ते करणार आहे.

आरंभी गांधीजींचीच साक्ष काढते. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले होते की आपला सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? महादेवभाई देसाईंनी तो संवाद ‘यंग इंडिया’त दिला. गांधीजींचे म्हणणे असे की विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. अपवाद म्हणून त्यांनी नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. बायकोला हाताने टाके घालताना पाहून तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र शोधले, असे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले. मग ही यंत्रे तयार करायला कारखाना लागेलच की, असे त्या विद्यार्थ्याने छेडले. तेव्हा असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे उत्तर त्यांनी दिले.

इतिहासातले सिंगर मात्र एवढे पत्नीनिष्ठ नव्हते. त्यांनी एकाहून अधिक संसार थाटले होते. शिवणयंत्राचे पेटंटही त्यांच्या १८५१ च्या पेटंटाआधी, १८४६ मध्ये, इलियास होव यांनी घेतले होते. पण त्या गोष्टीतले मर्म त्यामुळे खोटे ठरत नाही. राबणाऱ्या बाईच्या हाताला विसावा देणारे यंत्र गांधीजींना मान्य होते.

येथे कोणी म्हणेल, “मान्य! पण एक. तीन कशाला?”

हा प्रश्न विचारणाऱ्याने गोधडी पांघरली असेल, शिवलेली नसेल. गोधडी शिवणे म्हणजे झंपर शिवणे नव्हे. आधी निरनिराळ्या कापडांचे चौकोन, त्रिकोण जोडून वरचा भाग तयार करायचा. हे काम पातळ कापडाचे. त्याला चौदा नंबरची सुई आणि बारीक टाका लागतो. मग त्याखाली जुन्या लुगड्यांचे थर आणि तळाला अस्तर घालून सारे एकत्र शिवायचे. आता सुई सोळा किंवा अठरा नंबरची हवी, टाका लांब हवा, दोऱ्याचा ताण निराळा हवा. पातळ कापडासाठी लावलेल्या मशीनवर जाड गोधडी चढवली की टाके सुटतात, सुई वाकते, कधी मोडते. दर खेपेला सुई बदला, ताण जुळवा, चिंधीवर शिवून पाहा, यात अर्धी रात्र जाते. दोन मशिनी असल्या की एक पातळ कामाला लावून ठेवता येते, दुसरी जाड कामाला.

माझी आई असेच करते. तिच्या काळ्या पायमशीनवर थर शिवले जातात. ते तिने झंपर शिवून साठवलेल्या पैशांतून घेतले. मावशीने दिलेल्या हातमशीनवर तुकडे जोडले जातात, कारण त्याचे चाक हाताने फिरत असल्याने एकेक टाका मोजून घालता येतो आणि कोपरा चुकत नाही. तिसरे मोटारीचे, जुने विकत घेतलेले. त्यावर काठाला झिगझॅग बसते. वीज गेली की हे तिसरे मुके होते. उरलेली दोघे आपले काम चालू ठेवतात. तीन मशिनी आणि तीन कामे असा हा सरळ हिशेब आहे.

शेतकऱ्याच्या घरी वखर असतो, डवरा असतो, तिफण असते. तिन्ही एकाच मातीत चालतात, म्हणून एकावर भागव असे त्याला कोणी सांगत नाही. तबला वाजवणाऱ्याकडे निरनिराळ्या स्वरांचे तबले असतात. त्याला आपण उधळ्या म्हणत नाही, रसिक म्हणतो. मग बाईच्या मशिनीच तेवढ्या का मोजल्या जाव्यात?

अपरिग्रहाचे व्रत आश्रमाच्या एकादश व्रतांत आहे, हे मला ठाऊक आहे. जे मशीन वर्षानुवर्षे कपड्याखाली झाकून पडले आहे, ज्याला तेलाचा थेंब मिळत नाही, ते संग्रहच होय. ते गरजूला देऊन टाकावे. पण जे रोज फिरते त्याला संग्रह कसे म्हणावे? संख्येवरून अपरिग्रह ठरवायचा तर आमच्या ग्रंथालयावरही आरोप येईल.

खरी अडचण संख्येची नाहीच. ती ‘हौस’ या शब्दाची आहे. गरिबाघरी शिवणयंत्र दिसले की लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, “महिन्याला किती सुटतात?” सरकारही याच डोळ्यांनी पाहते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. चांगली गोष्ट आहे, कोणीही नाकारू नये. पण धंद्यासाठी यंत्र आणि हौसेसाठी नुसती सुई, अशी वाटणी आपण मनात करून बसलो आहोत. श्रीमंताच्या घरी जो छंद ठरतो तो गरिबाच्या घरी रिकामा उद्योग का ठरावा?

माझी आई दिवसा लोकांचे झंपर शिवते, साड्यांना पिको-फॉल करते आणि हंगामात कापूस वेचायला जाते. रात्री ज्या गोधड्या शिवते त्या ती विकत नाही. एखादी लेकुरवाळीला दुपटे म्हणून जाते, बाकीच्या पेटीत. रंग मनासारखा बसला नाही तर आख्खी ओळ उसवून पुन्हा लावते. एकदा मी कारण विचारले तर म्हणाली, “मले रंग जुळवाले आवडते. बाकी काई नाई.” चित्रकलेवर आम्ही वर्गात एवढे बोलतो, याहून नेमके उत्तर मी अद्याप ऐकलेले नाही.

यंदा माझ्या प्रवेशाच्या वेळी घरात पैशांची ओढ होती. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे सल्ला देणारे पुष्कळ. मामा म्हणाले, “काहून वं बाई, एकलीले तीन मशिनी कायले पायजेत? दोन इकून टाक, पोरीची फी निंगन.” मामांचा हेतू चांगला होता आणि हिशेबही चुकीचा नव्हता. आई काही बोलली नाही. मी ‘हो’ म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मशिनी दारात आणून ठेवल्या असत्या, याविषयी मला शंका नाही. मी ‘नाही’ म्हटले. जुने हातमशीन भंगारात किलोच्या भावाने गेले असते. राहिलेली फी मी संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेऊन भरते आहे. शिक्षणाने माणसाचे मन मोठे होते असे आम्हांला सांगतात. त्या शिक्षणाची किंमत म्हणून आईच्या आयुष्यातली एकुलती एक हौस द्यायची, हे मला पटले नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या शिक्षणासाठी घरातले काही ना काही विकले जाते. बैल, दागिना, जमिनीचा तुकडा यांची वही ठेवली जाते. आईची हौस मात्र हिशेबात धरत नाहीत, म्हणून ती सर्वांत आधी जाते. तुमच्या घरी कोणी गोधडी शिवत असेल, जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, भिंतीवर रंगाचे काही काढत असेल, तर त्यातून मिळते किती हे विचारू नका. शेजारी बसा आणि हा रंग इथेच का लावला, एवढे विचारा.