खेळाडूंचे लसीकरण आणि वैद्याची स्वाक्षरी

ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धेसाठी 5 जानेवारी 2022 रोजी मेलबर्नला उतरलेल्या नोव्हाक जोकोविच यांना त्या देशाने खेळू दिले नाही. त्यांनी कोविडची लस घेतलेली नव्हती, आणि नुकताच तो आजार होऊन गेल्याच्या आधारावर मिळालेली वैद्यकीय सवलत सीमेवर अमान्य ठरली. एका न्यायाधीशांनी व्हिसा परत दिला, मंत्र्यांनी तो पुन्हा रद्द केला, आणि 16 जानेवारीस संघीय न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय कायम ठेवला. त्या दिवसांत आपल्या अनेक व्यवसायबंधूंची सहानुभूती जोकोविच यांच्याकडे होती. आहारविहाराने कमावलेल्या शरीरास लस कशाला, असा एकंदर सूर होता. तो मला शास्त्राला धरून वाटत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना अग्निवेशाचा प्रश्न नेमका हाच आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, वय भिन्न असूनही माणसे एकाच व्याधीने एकाच वेळी का नष्ट होतात? आत्रेयांचे उत्तर वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असणाऱ्या भावांकडे बोट दाखवते. मल्ल आणि दुर्बल एकाच वायूत श्वास घेतात. शिवाय व्यायाम अर्धशक्तीपर्यंतच करावा असे सांगणारे आपले शास्त्र, रोज ती मर्यादा ओलांडणाऱ्या खेळाडूस रोगांपासून सुरक्षित कसे मानील? सहज आणि कालज बलापलीकडे युक्तिकृत बलही सांगितले आहे. (लस संहितांत होतीच, असा दावा मी करीत नाही. अशा दाव्यांनी आपले हसे पुरेसे झाले आहे.)

कोविडचे नियम देशोदेशी निराळे होते आणि बदलतही गेले. त्याच वर्षी विम्बल्डनने जोकोविच यांना लसीविना खेळू दिले आणि ते जिंकले. अमेरिकेने परदेशी प्रवाशांवरील अट मे 2023 मध्ये उठवली. अट किती काळ ठेवावी यावर प्रामाणिक मतभेद संभवतो. त्याची जागा क्रीडासंघटना आणि न्यायालये ही आहे, चिकित्सालयातील कोरे लेटरहेड नव्हे.

आपल्या खेळाडूंशी खरा संबंध येतो तो पीतज्वराच्या लसीचा. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांतून भारतात येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकहून परतणाऱ्यांनाही हा नियम होता. त्यामागे कारण आहे. हा रोग पसरवणारा ईडिस डास आपल्याकडे विपुल आहे, रोग मात्र अद्याप आलेला नाही. लस शासनाने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो आजन्म ग्राह्य आहे.

काही वर्षांपूर्वी केनियात धावण्यास निघालेल्या एका तरुणाचे वडील माझ्याकडे आले. प्रस्थानास आठ दिवस उरले होते. लसीने ज्वर येऊन शर्यत बिघडेल ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. म्हणूनच ही लस काही आठवडे आधी घ्यावयाची असते. परंतु त्यांना हवे होते ते पत्र : मुलगा पित्तप्रकृतीचा असल्याने त्यास लस सोसणार नाही. मी नकार दिला. अंड्याची तीव्र ॲलर्जी, क्षीण रोगप्रतिकारशक्ती, थायमस ग्रंथीचा विकार ही सवलतीची कारणे आहेत, पित्तप्रकृती नाही. अन्यत्र असे पत्र सहज मिळते, असे ते म्हणाले. ते खोटे नव्हते, याचीच मला लाज वाटली. विमानतळावरचा आरोग्य अधिकारी असे पत्र बाजूला सारतो तेव्हा तो एका वैद्याला नव्हे, आपल्या सर्वांच्या स्वाक्षरीला बाजूला सारतो.

औषधालयांच्या मालकांनाही एक विनंती. च्यवनप्राश अवश्य विकावा, पण ‘हे घ्या, लस नको’ असे गिऱ्हाइकास सांगू नये.

नियम परतीचा असल्याने त्या तरुणास अजून अवधी होता. त्याने केंद्रावर जाऊन लस घेतली, धावून आला आणि दाखला दाखवून मुंबईच्या विमानतळावरून थेट घरी गेला. त्याचे वडील मात्र त्यानंतर माझ्या चिकित्सालयात आलेले नाहीत.