पट कमी झाला, पण कुणामुळे?



ज्वारी हुरड्यात आली की पोरगा गोफण घेऊन माळ्यावर चढतो. कापूस फुटला की पोरगी ओटी बांधून आईच्या मागे. वेचणी किलोवर, म्हणजे घरातले जितके हात तितकी मजुरी. दिवाळी ते संक्रांत शाळेत निम्मी पोरे नसतात. हजेरीपटावर मात्र असतात. गुरुजी भले माणूस, नाव कमी करीत नाहीत. मग वर्षाअखेर आपणच म्हणतो, शाळेत शिकवीतच नाहीत.

हे आधी लिहिले, कारण आता सरकारला बोलायचे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर. कारण सांगितले पट कमी. पट कमी का झाला, हे कोण विचारणार? एक मास्तर, चार वर्ग, त्यात वरून मागतील ती माहिती भरायची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तर सांगतो की साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आणि जनगणना, आपत्ती व निवडणूक सोडून त्यांना दुसऱ्या कामाला जुंपू नये.

ज्याला जमले त्याने पोरगे तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले. कापसाचे पैसे हाती आले की पहिली फी, नाही आले तर सावकार. त्याला दोष देत नाही, माझ्याही घरात तेच झाले. पण गावच्या शाळेत उरली ती भूमिहीनांची, पारध्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे. छप्पर गळाले तर पंचायत समितीत जाऊन आवाज चढविणारा बाप तिथे उरला नाही. शाळा बंद झाली तर तालुक्याची पिवळी गाडी त्यांच्या दारात येणार नाही. आठ वर्षांची पोर नाला ओलांडून दुसऱ्या गावी जाईल का? पावसाळ्यात तरी नाही. ती बकऱ्या राखील.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते: महसूल रयतेच्या कष्टातून निघतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. कायदा व्हायला १२७ वर्षे लागली, आणि झालेला कायदा आपण वाचला नाही.

त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा करणे, आलेले पैसे कुठे गेले ते तपासणे हे तिचे काम. मी दोन वर्षे सभासद होतो. रजिस्टर घरी यायचे, मी सही करायचो, एकदाही वाचले नाही. बायकांच्या सह्या त्यांचे नवरे करायचे.

येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा. दुसरा शिक्षक का नाही, याचे लेखी उत्तर. आणि वेचणीच्या दिवसांत शाळेची वेळ सकाळची करता येते का, याचा ठराव. पण तो ठराव करणाऱ्याने पोरीला दुपारपर्यंत वावरात नेता कामा नये.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या शाळेच्या समितीच्या मागच्या तीन सभांच्या इतिवृत्ताची नक्कल आणा. सभा झाल्याच नसतील तर तसे लिहून आणा.