एवढें सोपें असतें तर!

डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला बसत नाहीं, हें लहान मूलही जाणतें. सेंद्रिय पदार्थांतील कित्येक रेणूंचें असेंच आहे. घटक तेच, जोडणीही तीच. परंतु एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपांचा वास मुख्यतः कार्व्होन नांवाच्या एकाच द्रव्याच्या अशा दोन रूपांमुळें येतो. आपल्या नाकाला हा भेद कळतो, मग औषध घेणाऱ्या शरीराला कां कळूं नये? एक रूप गुणकारी, तर दुसरें निरुपयोगी, क्वचित् अपायकारकही ठरतें.

प्रयोगशाळेंत साध्या रीतीनें असा पदार्थ केला, तर दोन्ही रूपें निम्मीं-निम्मीं हातीं येतात. हवें तेंच मिळावें, म्हणून उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडतां क्रिया घडविणारा पदार्थ, तसाच एकहाती निवडावा लागतो. धातूंच्या साहाय्यानें हें साधल्याबद्दल नोल्स, नोयोरी व शार्पलेस यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. नोल्स यांच्या रीतीनें कंपवातावरील एल-डोपा हें औषध तयार होऊं लागलें. तथापि असे धातु बहुधा महाग, आणि पुष्कळ उत्प्रेरकांना हवा व ओलावा सोसत नाहीं.

२००० सालीं बेंजामिन लिस्ट यांनीं कॅलिफोर्नियांत प्रोलिन घेऊन पाहिलें. प्रोलिन हें आपल्या प्रथिनांतलेंच एक साधें अमिनो आम्ल. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें उत्प्रेरक म्हणून वापरलें गेलें होतें. पुढें पाव शतक त्याचा पाठपुरावा झाला नाहीं. त्यांत अर्थ असता तर कोणी तरी तें पुढें नेलें असतें, अशी शंका खुद्द लिस्ट यांच्याही मनांत होती. तरी त्यांनीं प्रयोग केला, आणि तो साधला! त्याच वर्षीं डेव्हिड मॅकमिलन यांनीं बर्कले येथें स्वतंत्रपणें दुसऱ्या लहानशा सेंद्रिय रेणूकडून असेंच काम करून घेतलें. २०२१ चें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें.

माझ्या मतें येथें बुद्धीइतकाच मान त्या निर्भीडपणाचा आहे. तो आम्ही शिक्षक व पालकच मुलांतून काढून टाकतों, असें मला कबूल केलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मी पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायु करून दाखवीत होतों. त्यांत मँगॅनीज डायऑक्साइडची काळी भुकटी घालतांना एका मुलानें विचारलें, "सर, हिच्याऐवजीं विटेचा चुरा घालून पाहूं या का?" मी म्हणालों, "एवढें सोपें असतें तर पुस्तकांत लिहिलें नसतें काय?" वर्ग हंसला. तो खालीं बसला, आणि त्या वर्षांत पुन्हां कांहीं विचारावयास उठला नाहीं.

येत्या जूनमध्यें विटेचा चुरा मी स्वतः आणणार आहें. तो मुलगा मात्र आतां शाळेंत नाहीं.