मागच्या बावीस दाढा

रायापूरहून एका सहकाऱ्याचा फोन आला. दोन वर्षांचा पाळीव ससा. हनुवटी सतत ओली, गाजर हुंगतो पण तोंडात घेत नाही, हरभऱ्याएवढ्या लेंड्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. त्याआधी कुठेतरी तीनदा त्याचे पुढचे दात नखे कापायच्या कात्रीने तोडून घेतले होते. ऑटोस्कोप गालाच्या कडेने आत सरकवल्यावर दुखणे दिसले: खालच्या दाढेचा काटा जिभेत रुतलेला.

सशाला २८ दात. पुढे ६, त्यात वरच्या पटाशीमागे लपलेली छोटी जोडी धरली. मागे २२ दाढा. सगळे जन्मभर वाढतात, पटाशी तर आठवड्याला दोन मिलिमीटर किंवा थोडी जास्तच. आपण मात्र पुढचे तेवढे पाहून पेशंट घरी पाठवतो. पुढचे दात वाकडे झाले की बहुधा मागे आधीच बिघडलेले असते. डोळ्यातून पाणी येत असेल तर नुसते थेंब देऊ नका. वरच्या दातांची मुळे अश्रुनलिकेवर दाबत असतील. अशा वेळी कवटीचा एक्स-रे हवाच.

कात्रीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. ती दात कापत नाही, चिरते. चीर मुळाकडे जाते, मगज उघडा पडतो आणि पुढे जबड्यात गळू होते. सशाचा पू दह्यासारखा घट्ट, सुईने ओढून निघत नाही. दात डेंटल बरनेच घासावेत. दाढांसाठी पूर्ण भूल द्यावी. भुलीआधी उपाशी ठेवू नये, ससा ओकत नाही आणि रिकामे आतडे थांबते. नंतर मेलॉक्सिकॅम, आणि खाईपर्यंत हाताने भरवणे. अमॉक्सिसिलिन तोंडाने कधीही देऊ नका, आतड्यातले जंतू बिघडून ससा दगावतो.

एवढे करूनही काटे परत येतात, कारण ताटात गवत नसते. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो, दाढा झिजतात. गोळीखाद्य दोन-चार चाव्यांत संपते. पालक म्हणतात, परदेशी टिमोथी गवत परवडत नाही. पण रायापूरपासून जवळच, धारवाडला, भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेचे दक्षिण प्रादेशिक केंद्र आहे, आणि मारवेलसारखी गवते या मुलखाला परकी नाहीत. फवारणी नसलेल्या बांधावरचे, सावलीत वाळवलेले, बुरशी नसलेले गवत दिवसभर पुढे असावे. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको. गुरांना होते ती विषबाधा सशालाही होऊ शकते.

केसपेपरवर वजनाखाली एक ओळ वाढवा: गवत किती खातो? रायापूरच्या सशाच्या कागदावर तिथे शून्य होते. काटा घासल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने पहिली काडी ओढली. सहा आठवड्यांनी त्याच्या दाढा पुन्हा पाहायच्या आहेत.