फुकट्यांची वाचनसंस्कृती

मासिक चालवणाऱ्याला सर्वांत जास्त धाक असतो तो आजीव वर्गणीदाराचा. नव्वदच्या दशकात हजार रुपये भरलेले हे गृहस्थ अंक आठवडाभर उशिरा पोचला तरी सावकाराच्या आवाजात फोन करतात. तेव्हा मुदतठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळे. हजाराच्या शे-सव्वाशेत वर्षाचे अंक कसेबसे निघत. आज सहा-सात टक्क्यांनी साठ-सत्तर रुपये सुटतात. त्यात वर्षाच्या अंकांचा कागद आणि छपाईसुद्धा भागत नाही, टपालखर्च वेगळाच. अर्थात हे सगळं त्यांचे हजार रुपये बँकेत असते तर! आम्ही संपादकांनी ते त्याच महिन्यात कागदवाल्याला देऊन टाकले. पुढच्या तीस वर्षांचे अंक आगाऊ विकून चालू अंकाची बिलं भागवायची, या धंद्याला आपल्याकडे वाङ्मयीन चळवळ म्हणतात.

तरी या गृहस्थांनी एकदा का होईना, खिशात हात घातला. बाकीच्यांचं काय? कवीला कविता छापून हवी, वर सासुरवाडीसाठी चार जादा अंक हवेत. वर्गणीचं नाव काढलं की तो संवेदनशील होतो. प्राध्यापक लेखासोबत विचारायचे, 'तुमचं मासिक यूजीसीच्या यादीत आहे ना?' पदोन्नतीपुरतं आमच्याशी नातं. समीक्षक, माजी संमेलनाध्यक्ष, साहित्य संस्थांचे पदाधिकारी हे सगळे मानार्थ यादीत. म्हणजे ज्यांचं पोट आणि प्रतिष्ठा मराठीवर चालते, नेमके तेच मराठी मासिक विकत घेत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा याच मंडळींनी पेढे वाटले. त्याच दिवाळीत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळी अंकांच्या पीडीएफ फिरत होत्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, ही माहितीही त्याच ग्रुपवर, चोरीच्या अंकाच्या वरच चिकटवलेली. सिनेमे दाखवणाऱ्या परदेशी कंपनीला मात्र हे लोक दरमहा बिनबोभाट पैसे कापून देतात. तिथे कोणी म्हणत नाही, 'आपलाच माणूस आहे, पाठवून द्या.'

आणि 'सत्यकथा'! १९८२ साली ते मासिक बंद पडलं, त्यावर अजून परिसंवाद झडतात. अशा परिसंवादात मी एकदा विचारलं होतं, की इथे त्याचे वर्गणीदार किती होते? व्यासपीठावरच्यांनी घड्याळं पाहिली.

आमची आजीव योजना बंद आहे. ज्यांनी पैसे भरले त्यांना ते असेपर्यंत अंक जाईल. शब्द दिलाय, तोट्यात गेलो तरी पाळू. त्यांच्या पश्चात मुलांनी आणि नातवंडांनी तो वारसाहक्कात धरू नये. मानार्थ यादी या महिन्यापासून रद्द. वार्षिक वर्गणी सहाशे रुपये, टपालखर्चासह. कवींनी आधी ती भरावी, कविता मागाहून पाठवावी.